मदत खसऱ्याला, नुकसान पेरणाऱ्याचे

2025 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि इंदूरच्या मराठी घरांत तुलना सुरू झाली. तिकडे कोरडवाहूला हेक्टरी 18,500, हंगामी बागायतीला 27,000, बागायतीला 32,500, तेही 3 हेक्टरपर्यंत. मग आपल्या इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर-देपालपूरच्या शेतकऱ्याला सरकार एवढे का देत नाही, असा सूर निघाला. प्रश्न रास्त वाटतो, पण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. महाराष्ट्राच्या त्या आकड्यांत रब्बीच्या बियाण्यांसाठी दिलेले हेक्टरी 10,000 धरलेले होते. ते वगळले तर खाली उरतो तो केंद्राचा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा दर: कोरडवाहू 8,500, सिंचित 17,000, बारमाही पीक 22,500.

मध्य प्रदेशात ही मदत राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 या महसूल खात्याच्या नियमाखाली मिळते. 2023 मध्ये त्यातले दर वाढवले, आणि 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या सिंचित पिकाचे 50 टक्क्यांहून जास्त नुकसान झाले तर हेक्टरी 32,000 ठरले. माळव्यात हेक्टराचे साधारण 4 बिघे धरतात, म्हणजे बिघ्याला 8,000. केंद्राच्या 17,000 पेक्षा हे बरेच वर आहे आणि वरचा भाग राज्य आपल्या खिशातून घालते. कागदावर हा दर देशात हलका म्हणता येणार नाही. तरीही दर ऑक्टोबरात तहसिलीबाहेर रांगा लागतात, याचे कारण दर नाही. कारण आहे तो दर कोणाला आणि किती लागू करायचा हे ठरवणारी नोंद. दरासाठी आंदोलने होतात, नोंदीसाठी होत नाहीत. आणि खात्यात शेवटी किती पडेल हे नोंदीवरच ठरते.

आधी एक गल्लत दूर करू, कारण निम्मा राग तिच्यातून येतो. 6-4 ची मदत वेगळी आणि प्रधानमंत्री फसल बीमा योजनेचा दावा वेगळा. मदत सरकार देते, तिला हप्ता नसतो, आणि ती शेतागणिक झालेल्या नुकसानीवर ठरते. विमा कंपनी देते; खरिपात शेतकरी विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता भरतो, रब्बीत दीड टक्का. मुख्य पिकांसाठी विम्याचे एकक इथे पटवारी हल्का, एका पटवाऱ्याकडचा (तलाठ्याकडचा) टापू, हे आहे. म्हणजे हल्क्यात पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी निघते, आणि ती उंबरठा उत्पादनापेक्षा जितकी कमी तितक्या टक्के रक्कम सगळ्यांना. उंबरठा मागच्या 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांच्या सरासरीवरून काढतात आणि तिला 70, 80 किंवा 90 टक्क्यांची जोखीम पातळी लावतात. उंबरठा हेक्टरी 10 क्विंटल आणि हल्क्याची सरासरी 7 निघाली, तर विमा रकमेच्या 30 टक्के. तुमच्या खालाटीच्या शेतात पाणी साचून सगळे गेले, पण हल्क्याची सरासरी 10 च्या वर राहिली, तर या वाटेने तुम्हाला शून्य. त्याला अपवाद आहे तो गारपीट, ढगफुटी यांसारख्या स्थानिक आपत्तीचा, आणि कापून सुकायला पसरलेले पीक 14 दिवसांच्या आत भिजल्याचा. पण त्यासाठी 72 तासांत सूचना द्यावी लागते, 14447 वर किंवा अॅपवरून. पटवारी येऊन पाहून गेला म्हणजे विमा कंपनीला कळवले गेले, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे आणि महागात पडतो.

आता 6-4 कडे. नुकसानीचे तीन टप्पे आहेत: 25 ते 33 टक्के, 33 ते 50 टक्के, आणि 50 च्या वर. सिंचित पिकाला मधल्या टप्प्यात वरच्याच्या जवळपास निम्मी रक्कम मिळते, खालच्या टप्प्यात त्याहूनही कमी, आणि 25 च्या खाली काहीच नाही. केंद्राचा उंबरठा 33 टक्के आहे (2015 पर्यंत तो 50 होता), म्हणून 25 ते 33 चा टप्पा केंद्रीय निकषात बसत नाही. राज्याने तो ठेवला, ही चांगली गोष्ट. पण टप्पे म्हटले की पायऱ्या आल्या आणि पायरीच्या काठावर 2 टक्क्यांनी हजारो रुपये बदलतात. 49 लिहिले की निम्मे, 51 लिहिले की पूर्ण. हाच टक्का बँकेतही जातो: रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांत 33 ते 50 टक्के नुकसानीला पीककर्जाच्या पुनर्रचनेत परतफेडीला जास्तीत जास्त 2 वर्षे होती, 50 किंवा अधिक असेल तर 5 वर्षे. एका आकड्यावर मदतही ठरते आणि कर्जाची मुदतही.

आणि हा आकडा ठरतो कसा? बांधावर उभे राहून. पटवारी, ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी आणि पंचायत सचिव यांचे संयुक्त पथक असते असे कागद म्हणतो. प्रत्यक्षात एकेका पटवाऱ्याकडे एकाहून जास्त गावे असतात आणि शेकडो खसरे, म्हणजे महसुली नोंदीतले शेतांचे क्रमांक, थोड्या दिवसांत उरकायचे असतात. त्याच्या आधी वर एक नजरअंदाज गेलेला असतो: तहसीलीत एकूण इतके टक्के. एकदा तो आकडा जिल्ह्याच्या तक्त्यात बसला की शेताशेताचे टक्के त्याच्या आसपासच घुटमळू लागतात, हे या खात्यात काम केलेला कोणीही खाजगीत कबूल करेल. मी याला पटवाऱ्याची लबाडी म्हणणार नाही. मोजण्याचे साधन न देता मोजायला सांगितले की असेच होते.

सोयाबीनच्या बाबतीत नजर तर हमखास फसते. माळव्यात अफलनाची तक्रार जुनी आहे: झाड कमरेएवढे, पान हिरवेगार, आणि शेंगा नाहीत. दुरून पाहणाऱ्याला पीक झकास दिसते. उपग्रहालाही तसेच दिसते, कारण तो हिरवेपणा मोजतो, दाणे नाही. विम्यात 2024 च्या खरिपापासून सोयाबीनच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाला किमान 30 टक्के वजन दिले गेले, आणि मदतीचे पंचनामेही उपग्रहावरून करा अशी मागणी आता होते. गारपीट आणि पूर यांत ते चालेल. अफलन, दाणा भरताना पडलेला खंड, शेंगेतच फुटलेले कोंब, यांत चालणार नाही. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट होता. त्यात उंच वाढलेल्या सोयाबीनचे नुकसान शेंग उघडून पाहिल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते. उलट पिवळ्या मोझॅक रोगामध्ये शेत पिवळे दिसते खरे. पण पांढऱ्या माशीने त्या रोगाचा विषाणू कधी आणला यावर घट ठरते. फुलाआधी लागण झाली तर जवळजवळ सगळे जाते. दाणा भरल्यावर झाली तर शेत तितकेच पिवळे असूनही घट थोडी.

यावर उपाय किचकट नाही. 5 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन म्हणजे 25 चौरस मीटर, हेक्टराचा चारशेवा भाग. त्यातले पीक कापून, झोडून, दाणे तोलले आणि किलोला 400 ने गुणले की हेक्टरी उत्पादन मिळते. अडीच किलो म्हणजे हेक्टरी 10 क्विंटल, सव्वा किलो म्हणजे 5. दाण्यात ओल असेल तर थोडी वजावट करावी लागते. प्रत्येक खसऱ्यात हे शक्य नाही, मान्य. पण प्रत्येक गावात माथ्यावरची जमीन, खालाट आणि नाल्याकाठ असे तीन प्रकार धरून प्रत्येकी दोन-तीन चौकोन कापले तर नजरअंदाजाला निदान एक खुंटा मिळेल. विम्यासाठी हे प्रयोग होतातच. त्यांचा आकडा महसूल खात्याच्या पथकाकडे जावा, ही एक परिपत्रकाची गोष्ट आहे. दोन खाती एकाच शेतात दोन वेगवेगळे आकडे लिहितात आणि दोन्ही आकडे शेतकऱ्याला दिसत नाहीत, हे काही समर्थन करण्यासारखे नाही.

दुसरी अडचण वेळेची. सोयाबीन 90 ते 100 दिवसांचे पीक. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस झाला की दाणा काळा पडतो, शेंग तडकते, म्हणून शेतकरी उघडीप मिळताच कापतो. शिवाय मागे बटाटा, लसूण, गहू उभे असतात आणि शेत मोकळे करावेच लागते. पथक येते तेव्हा शेत नांगरलेले. मग पंचनाम्यात काय येणार? पीक आढळले नाही. पंचनाम्याची वाट पाहत पीक उभे ठेवले तर उरलेलेही जाते. इथे नियम बदलायला हवा. शेतकऱ्याने शेताच्या मध्यावर, बांधापासून दूर, 5 बाय 5 चे दोन चौकोन न कापता सोडले आणि तारीख व ठिकाण नोंदणारे फोटो सरकारी अॅपवर टाकले, तर उरलेले शेत मोकळे करण्याची त्याला मुभा असावी आणि त्या चौकोनांवरून टक्का ठरावा. बांधाकडचे पीक नेहमी वेगळे असते, म्हणून मध्यावर. गिरदावरीसाठी (हंगामाच्या पीकपाहणीसाठी) खसऱ्यात उभे राहून फोटो घेणारे अॅप राज्याकडे आहेच. तेच इथे वापरायचे.

दर्जाच्या नुकसानीचा तर विचारच होत नाही. टक्का वजनाचा मोजतात, डागाचा नाही. हेक्टरी 9 क्विंटल निघाले पण दाणा काळवंडलेला, सुरकुतलेला आणि 12 टक्क्यांहून ओला, तर इंदूरच्या छावणी मंडीत त्याचा भाव पाडला जातो. सरकारी हिशेबात मात्र ते शेत जवळजवळ सुखरूप. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 होता आणि त्याच्या जोडीला, बाजारभाव हमीभावाखाली गेला तर फरक देणारी भावांतर योजना. पण भावांतर बाजारातली पडझड भरून काढते, तुमच्या दाण्याचा डाग नाही.

सिंचित की असिंचित हा रकाना बोलण्यात सहसा येत नाही, आणि त्यानेच रक्कम निम्म्यावर येते. पाहतात ती खसऱ्यातली नोंद. विहीर किंवा ट्यूबवेल दहा वर्षांपूर्वी काढली पण गिरदावरीत सिंचनाचे साधन चढवले नाही, तर गहू-लसणाचे शेतही कोरडवाहू ठरू शकते. खसऱ्याची नक्कल ऑनलाइन मिळते. मार्चच्या गारपिटीनंतर नाही, नोव्हेंबरात पेरणी झाल्यावर ती काढून पाहावी.

पैसे अडकण्याची कारणे बहुतेक कंटाळवाणी असतात, पण ठाऊक असावीत. खातेदार वारले आणि फौती नामांतरण (वारसांची नोंद) झाले नाही. मग वारसांची संमती, शपथपत्रे, आणि एक भाऊ पुण्यात. सामाईक खात्यात पाच नावे आणि पैसे एकाच्या खात्यावर. खसऱ्यावर एक नाव, आधारवर त्याचेच वेगळे स्पेलिंग. बँकांच्या विलीनीकरणानंतर शाखेचा कोड बदलला आणि तहसिलीत जुनाच पडून. आधारावरून भरणा होतो तिथे पैसे आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले तिथे जातात. मुलाने मोबाइल दुकानात नवे खाते उघडून दिले असेल तर रक्कम त्यात पडते आणि वडील जुने पासबुक छापून घेत बसतात.

हे सगळे सुधारता येते. ज्याबद्दल इंदूरच्या मराठी वाचकाशी खास बोलायला हवे ते वेगळेच आहे.

या शहरातल्या कितीतरी मराठी कुटुंबांची जमीन होळकरांच्या काळापासून आसपासच्या गावांत आहे. कुटुंब रामबागेत किंवा सुदामा नगरात, नोकऱ्या बँकेत, शाळांत, पुण्या-मुंबईत. शेत बटाईने, म्हणजे दुसऱ्याला कसायला दिलेले. कोणी निम्म्यावर देते, कोणी बिघ्यामागे रोख ठरवून. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, ट्रॅक्टर हे बऱ्याचदा बटाईदाराचे, आणि रोख ठरले असेल तर पिकाची सगळी जोखीमही त्याचीच. पीक बुडाले की मदत मात्र खसऱ्यावरच्या नावाला येते. म्हणजे ज्याचे काही गेले नाही त्याच्या खात्यात पैसे, आणि ज्याचे गेले त्याच्या हातात उधारीची चिठ्ठी. मालक सज्जन असेल तर पोचवतो. अनेक पोचवतातही. पण सरकारी मदत मालकाच्या सज्जनपणावर सोडलेली असणे, ही व्यवस्था नव्हे.

त्यात आणखी एक मेख आहे. 6-4 मध्ये 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला दर जास्त आणि त्यावरच्याला कमी आहेत, कारण लहानाला जास्त गरज. पण लहान-मोठा ठरतो खातेदाराच्या जमिनीवरून. आठ हेक्टरच्या मालकाचे दीड हेक्टर कसणारा बटाईदार स्वतः भूमिहीन असला तरी ते शेत मोठ्या शेतकऱ्याच्या दरात मोजले जाते. गरिबासाठी ठेवलेला वाढीव दर गरिबापर्यंत जाण्याचा मार्गच इथे बंद आहे.

कायदा नाही, असेही नाही. मध्य प्रदेशाने 2016 मध्ये भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितसंरक्षणाचा कायदा केला. लेखी करार, जास्तीत जास्त 5 वर्षांचा, एक प्रत तहसीलदाराकडे. पीक बुडाले तर सरकारी मदत आणि विम्याची रक्कम करारातल्या हिश्श्याप्रमाणे दोघांत वाटायची. आणि करारामुळे बटाईदाराला जमिनीवर कोणताही मालकी हक्क मिळत नाही, हेही त्यातच. तरी करार होत नाहीत. मालकाच्या मनातली भीती जुनी आहे: कूळ कायदा, कब्जा, कोर्ट. 1959 च्या भू-राजस्व संहितेने जमीन पट्ट्याने देण्यावर घातलेल्या बंधनांच्या काळात ती अगदीच निराधार नव्हती. ज्यांच्या आजोबांनी महाराष्ट्रात कुळाकडे जमिनी जाताना पाहिल्या त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. पण नीट पाहिले तर धोका उलट दिशेला आहे. तोंडी व्यवहारात पंधरा वर्षे एकच माणूस शेत कसतो आणि मालकाकडे तो कोणत्या नात्याने कसतो याचा एकही कागद नसतो. लेखी करारात मुदत असते, हिस्सा असतो, आणि हा बटाईदार आहे, कब्जेदार नाही, हे त्याच्याच सहीने लिहिलेले असते. मालकाला सुरक्षित करणारा कागद हाच.

बटाईदारही करार मागत नाही, कारण मागितला तर पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला जाईल. म्हणून पुढाकार मालकानेच घ्यावा लागेल, आणि सरकारने त्याला थोडे ढकलावे. गिरदावरीच्या अॅपमध्ये पिकाच्या नावापुढे कसणाऱ्याचे नाव असा रकाना आवश्यक करावा. तो रिकामा असेल तर स्वतः कसतो असे मालकाला घोषित करावे लागावे. खोटी घोषणा करून मदत घेतली तर ती वसूल व्हावी. मदतीचे पैसे दोन खात्यांत विभागून पाठवणे संगणकाला काहीच जड नाही.

यावर आक्षेप येतो की बटाईदाराची नावे उघडली की बनावट नावे घुसतील. घुसतीलही. भलत्याच खात्यांत मदत वळवल्याची प्रकरणे राज्यात निघाली आहेत, त्यांत कर्मचारी निलंबित झाले आहेत. पण ती झाली ती खसऱ्याच्या नावावर सगळे अवलंबून असतानाच. बनावटीला आवर घालायचा असेल तर यादी लपवून नव्हे, वाटपाआधी लावून: गाव, खसरा, पीक, टक्का, सिंचित-असिंचित, मालक, कसणारा. आठ दिवस पंचायतीच्या भिंतीवर आणि पोर्टलवर. कोणाचे शेत कोणी कसले हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. खाते क्रमांक आणि आधार त्यात टाकायचे नाहीत, बाकी काही गुप्त नाही. आणि पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातात किंवा मोबाइलवर पडली पाहिजे. आज टक्का किती लागला हे त्याला पैसे आल्यावर, रकमेवरून उलटा हिशेब करून कळते. तेव्हा आक्षेप घ्यायला शेतात पुरावा उरलेला नसतो. लोकसेवा हमीचा कायदा देशात सर्वप्रथम, 2010 मध्ये, याच राज्याने केला. पंचनाम्याची प्रत किती तासांत द्यायची, एवढे त्याच धर्तीवर बांधून घेणे त्याला अवघड जाऊ नये.

दर वाढवून मागणाऱ्यांशी माझे भांडण नाही. बियाणे हेक्टरी 65-75 किलो, खत, दोन-तीन फवारण्या, कापणी, मळणी यांचा खर्च पाहता मदतीने लागवडही पूर्ण निघत नाही. पण चुकीच्या टक्क्यावर, चुकीच्या रकान्यात, चुकीच्या नावाला वाढीव दर दिला तर चूकच मोठी होते.

राज्य काय करेल ते करो. ज्यांचे शेत बटाईने आहे त्यांना तहसिलीची वाट पाहण्याचे कारण नाही. खसरा क्रमांक, क्षेत्र, मुदत, कोणाचा किती हिस्सा, बियाणे-खत कोणाचे, विम्याचा हप्ता कोण भरणार, आणि मदत आली तर किती दिवसांत किती कोणाला, एवढे एका पानात मावते. दोन साक्षीदार, दोघांच्या सह्या, आणि तहसिलीत दिलेल्या प्रतीची पोच. सोयाबीनची पेरणी साधारण 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जूनच्या शेवटी होते. कागद त्याच्या आधी झाला पाहिजे, कारण पीक बुडाल्यानंतर ऑक्टोबरात केलेला करार कोणी मानत नाही आणि मानूही नये.